लेखिकेला मराठीत पत्र पाठवलं तर चालेल का?

जांबोटीची आई:
मुलगी सहावीत, मराठी शाळेत. हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद बेळगावच्या वाचनालयातून आणून तिने सातही वाचले. सातव्या भागात हॅरीचं पांढरं घुबड हेडविग मेलं तेव्हा जेवली नाही की ओ! आता लेखिका रोलिंगबाईंना चार पानी पत्र लिहिलंय. ‘आमच्या आजी घुबड ओरडलं की अंगणात पाणी टाकतात, मी आता टाकू देत नाही,’ असं त्यात आहे. शेवटी पांढरं घुबड काढलंय, पंखांना खडू घासून. शाळेतल्या एकांनी सांगितलं, इंग्रजीत नसेल तर कुणी वाचणार नाही. पोरगी तेव्हापासून गप्प आहे. काय करू?

निपाणीकर काका:
ताई, मराठीच ठेवा. तिच्या अक्षरातलं मूळ पत्र वर, खाली तुम्ही केलेला इंग्रजी अनुवाद. पत्ता लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाचा, पाकिटावर लेखिकेचं नाव. उत्तर येईलच असं मात्र तिला सांगू नका.

खानापूरचा मास्तर:
मुलांसाठीची नार्निया ही पुस्तकमालिका लिहिणारे सी. एस. लुईस मुलांना स्वतः उत्तरं द्यायचे. १९५७ साली एका मुलाने पुस्तकं कुठल्या क्रमाने वाचावीत ते कळवलं, त्याच्या आईचं मत वेगळं होतं, तर त्यांनी आईपेक्षा मुलाचाच क्रम जास्त पटतो म्हणून लिहिलं. ती पत्रं पुढे पुस्तकरूपात आली. आजीचं वाक्य अजिबात गाळू नका.

जांबोटीची आई:
तिला वाचून दाखवलं. पाचवं पान लिहायला बसलीय. आजीही शेजारी बसल्यात.