मदत हवी आहे: घराच्या दाराला करंट येतोय

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यात शेतावर घर केलंय. पाऊस लागल्यापासून कडीला हात लावला की झिणझिण्या येतात. अनवाणी असलं तर जोरातच. वायरमन बघून गेला, 'अर्थिंग आहे' म्हणतो. आई आत पाय टाकायला तयार नाही. काय करायचं? लवकर सांगा.

निपाणीचा_तात्या
भिंतीत ओल उतरली असणार. आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या.

मलप्रभाकाठ
भिंत कुठली ओ? पत्र्याचं आहे.

तारमार्ग
पत्र्याची शेड काय? मीटर कुठं आहे?

मलप्रभाकाठ
शेड नव्हे. जुन्या ट्रॉलीच्या चासीवर केबिन बसवलीय, टायर तसेच आहेत. मीटर जुन्या घरात, तिथनं केबल ओढलीय.

तारमार्ग
हे आधी सांगायचं की! केबल किती कोअरची, म्हणजे आत किती वायरी? अर्थची वायर कुठं जाते? मल्टीमीटर असेल तर रबरी चप्पल घालून पत्रा आणि ओल्या मातीत खोचलेला खिळा यांच्यात किती व्होल्ट येतात बघा. उघड्या पिनांना बोट लावू नका.

चिरेबंदी
पत्र्याचं घर म्हणजे मे महिन्यात भट्टी. जांभ्याचे चिरे तुमच्याकडंच निघतात, दोन खोल्या बांधून टाका.

मलप्रभाकाठ
केबल दोन कोअरची. सॉकेटची हिरवी वायर पत्र्याला स्क्रूनं बांधलीय. मल्टीमीटर ११० व्होल्टच्या आसपास दाखवतंय, फ्रिज आणि लॅपटॉपची पिन काढली की उतरतंय. @चिरेबंदी, पैसे पाठवा, बांधतो.

निपाणीचा_तात्या
सोपं आहे. बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका. आमच्या पानपट्टीच्या खोक्याला तसंच केलंय, कधी करंट नाही.

तारमार्ग
तात्या, असलं सांगू नका! वाटेत न्यूट्रल तुटला की फ्रिजमधनं फेज सरळ पत्र्यावर येतो, मग झिणझिण्या नाही, माणूस चिकटतो.
मलप्रभाकाठ, तुमचं अर्थिंग म्हणजे नुसता पत्रा, आणि तो उभा रबरावर. चार्जरच्या फिल्टरमधनं थोडी गळती होतेच, तिला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून पत्रा निम्म्या व्होल्टेजवर लटकतोय. पावसानं पायाखालची माती ओली झाली, एवढाच फरक.

परदेशी_पाहुणा
अमेरिकेत मोबाईल होमला, म्हणजे चाकांवरच्या घराला, हेच नियम आहेत, एनईसीचं (तिथल्या वायरिंगच्या नियमावलीचं) कलम ५५०. चार वायरी येतात, आतल्या पॅनेलात न्यूट्रल आणि अर्थ वेगळे ठेवायचे, चासी अर्थला बांधायची.

गावठाण
चाकं असली तर पंचायत घरपट्टी लावत नाही म्हणे. खरं काय?

मलप्रभाकाठ
मग दाराशी एक पाइप ठोकला की झालं ना?

तारमार्ग
नाही. जांभ्यात पाइपचा रोध २० ओहम आला असं धरा. फेज पत्र्याला लागला तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. तुमचा १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही, पत्रा जिवंतच राहील. म्हणून जुन्या घरात, केबल जिथनं निघते तिथं, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडा करंट गळला तरी पडणारा स्विच, पाहिजेच. केबल तीन कोअरची घ्या. अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप न्हाणीच्या पाण्याच्या बाजूला पुरा, म्हणजे उन्हाळ्यातही ओल राहील. तिथनं तांब्याची वायर अर्थच्या पट्टीला आणा. चासी, पत्रा, लोखंडी पायरी, नळाचा पाइप सगळे त्या पट्टीला बांधा. बोल्टखालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा, नाहीतर वायर नुसत्या रंगावर बसते.

निपाणीचा_तात्या
पाइपभोवती मीठ-कोळसा घाला.

तारमार्ग
खानापूरच्या पावसात मीठ किती टिकणार? वर पाइप कुजतो तो वेगळाच. बेंटोनाइट घाला, ती ओल धरून ठेवणारी चिकणमाती.

मलप्रभाकाठ
आरसीसीबी बसवल्यावर सारखा पडला तर?

तारमार्ग
तर फ्रिजची पिन काढून बघा. तरी पडला तर केबल कुठं सोललीय ते शोधा. काम होईपर्यंत जुन्या घरातनंच मेन उतरवून ठेवा, आईंना तिकडंच झोपू द्या.

गावठाण
घरपट्टीचं कुणी सांगा की ओ.