मदत हवी आहे: गच्चीला चुना मारू की डायरेक्ट सोलर?

नमस्कार मंडळी, आमच्या वस्तीत शहराच्या मालकीचं वाचनालय आहे, त्याची वीज अन् कार्बन कमी करायचा प्लॅन माझ्या गळ्यात पडलाय. जुने 75 वॅटचे पंखे दिवसभर गरगर, खाली कोणी बसलेलं नसलं तरी! बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30-35 वॅटमध्ये भागवतो, अन् आपली वीज बहुतेक कोळशाचीच (कोराडीचं औष्णिक वीज केंद्र काही लांब नाही), एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणून पंखे तर बदलूच. पण मे महिन्यात 45 डिग्रीत स्लॅब असा तापते की कूलरबी गरम हवा फेकते. मग आधी ऊन परतवायला गच्चीला पांढरा चुना की वीज बनवायला सोलर? चुना एका पावसात धुवून जाते का? कोणी केलं असेल तर सांगा ना भाऊ, बजेट लय कमी आहे.