आजेसासऱ्यांची पलटण कोणती? जुन्या फोटोवरून कसं ओळखायचं?

ऐरोलीकरीण
नमस्कार मंडळी. नौपाड्यातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत आजेसासऱ्यांचा लष्करी वेषातला फोटो सापडला. पोस्टकार्डाएवढा, कडा कुरतडलेल्या. दीर तो लॅमिनेट करायला निघालेच होते, मी हातातून काढून घेतला.

घरात सगळे सांगतात की आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. कागद एकही नाही. गाव महाड तालुक्यात. युद्धाहून आल्यावर ते ठाण्यात आले आणि म्हातारे होईपर्यंत भिवंडीच्या एका मालकाचा ट्रक चालवला. १९८४ साली गेले.

फोटोत अर्धी चड्डी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर फेटा, फेट्यावर बिल्ला नाही. दंडावर दोन व्ही. खांद्यावर पितळी अक्षरांची पट्टी आहे पण चकाकल्यामुळे वाचता येत नाही. फोटोच्या मागे स्टुडिओचा अर्धवट शिक्का, त्यात कैरो एवढं लागतं. सासरे ८१ वर्षांचे आहेत, वडिलांची पलटण नक्की कळावी असं त्यांच्या फार मनात आहे. कुठून सुरुवात करू?

मावळा_खारघर
महाड म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच, यात शंका कसली? शेजारच्या माणगावचे यशवंत घाडगे व्हिक्टोरिया क्रॉस, तेही इटलीतच, १९४४. बेळगावला रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका.

फोटोवेडा
पत्र नंतर टाका, आधी स्कॅन करा. मोबाइलवर काढलेला फोटो चालणार नाही. ठाणे स्टेशनजवळ गोखले रोडला स्कॅन करून देणारे आहेत, त्यांच्याकडून १२०० डीपीआयवर टिफ फाइल घ्या, पुढची आणि मागची दोन्ही बाजू. मग खांदा मोठा करून उजेड कमी-जास्त करत बघा.

एक कळकळीची विनंती. एआयवालं फोटो सुधारायचं अ‍ॅप वापरू नका. ते पुसट अक्षरं वाचत नाही, आपल्या मनची घालतं. माझ्या चुलत पणजोबांच्या छातीवर त्यानं एक जास्तीचं पदक लावून दिलं होतं आणि आमची आत्या महिनाभर ते पदक कशाचं म्हणून शोधत होती.

रंगांवरही विसंबू नका. त्या काळच्या पुष्कळ फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, लाल तिथे काळं यायचं आणि निळं फिकट पडायचं. चौथ्या इंडियन डिव्हिजनचं चिन्ह काळ्यावर लाल गरुड. अशा फोटोत तो नुसता काळा चौकोन दिसतो.

कळव्याचे काका
फौजेत कारकून म्हणून २४ वर्षं काढली, म्हणून चार शब्द.

मावळासाहेब, रागावू नका, पण गावावरून आणि जातीवरून पलटण ठरवायची ही आपल्याकडची जुनी खोड आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांच्या घरात गेलं. त्यातले सगळे बंदूक घेऊन खंदकात नव्हते. रसद नेणारे, गाड्या हाकणारे, पूल बांधणारे, वर्कशॉपवाले किती तरी होते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, मराठी पोरं भरपूर. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावलाच उभी राहिली. घरचे मात्र आजोबा फौजेत होते म्हटलं की थेट मराठा इन्फंट्री लावून मोकळे होतात.

ताई, दोन व्ही म्हणजे नाईक. तो हुद्दा सगळीकडे असतो, त्यावरून पलटण कळत नाही. कैरोचा शिक्काही पलटण सांगत नाही. दंडावर डिव्हिजनचं चिन्ह असतं तरी त्या डिव्हिजनमध्ये अनेक पलटणी. खरं सांगते ती खांद्यावरची पितळी पट्टी. सगळी अक्षरं लागली नाहीत तरी ती किती आहेत ते मोजा आणि शेवटचं नीट बघा. शेवटी इंग्रजी सी असेल तर तो कोअरचा. म्हणजे सर्व्हिस कोअर, ऑर्डनन्स, मेडिकल असं काहीतरी, पायदळ नव्हे.

आणि एक विचारतो. आजोबा ट्रक चालवायला शिकले कुठे? १९४०च्या आसपास महाडच्या खेड्यात मोटार होती किती जणांकडे?

ऐरोलीकरीण
काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी सासऱ्यांकडे बघत बसले. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नाही!

स्कॅन करून आणला. पट्टी लांब आहे, चार किंवा पाच अक्षरं. पहिलं आर असावं. शेवटचं गोल, उजवीकडे उघडं.

कळव्याचे काका
मग माझा अंदाज आर आय ए एस सी. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. पण अंदाजच. पदकं आहेत का घरात?

पणती
पदकांना चिंच लावून घासू नका हो, आमच्याकडे त्यानं अक्षरं गेली. ब्रिटिश सैनिकांना मिळालेले दुसऱ्या महायुद्धाचे स्टार (ताऱ्याच्या आकाराची पदकं) कोरे असायचे, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नाव घातलेलं असतं. स्टार असेल तर पाठीवर बघा, गोल पदक असेल तर कडेवर. नंबर, हुद्दा, नाव आणि शेवटी पलटण. भिंग आणि खिडकीतला तिरका उजेड पुरे.

आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धातले, ११७वी महरट्टा. त्यांची पलटण मला पदकाच्या कडेवरूनच कळली. इराकातल्या कुतच्या वेढ्यात अडकलेले, १९१६च्या एप्रिलमध्ये तुर्कांच्या कैदेत गेले. गावच्या चावडीवर दगड आहे, इथून इतके लोक महायुद्धाला गेले आणि त्यातले इतके मेले. नाव एकाचंही नाही, नुसते आकडे.

ऐरोलीकरीण
सासूबाईंच्या देवघराच्या डब्यात एक निघालं! सहा टोकांचा पितळी तारा, रिबन गेलेली. पुढे गोलात इंग्रजीत द आफ्रिका स्टार. पाठीवर नंबर, आजोबांचं नाव (आडनावाचं स्पेलिंग भलतंच) आणि शेवटी ठिपक्यांसकट आर आय ए एस सी. काका, साष्टांग.

सासरे मात्र थोडे हिरमुसले. "म्हणजे लढले नाहीत?" एवढंच म्हणाले आणि टीव्ही लावला. इटलीचं मग काय समजायचं?

कळव्याचे काका
आफ्रिका स्टार म्हणजे १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातली उत्तर आफ्रिका किंवा ॲबिसिनियाच्या (आताचा इथिओपिया) बाजूची नोकरी. इटलीसाठी वेगळा स्टार होता, तो दिसत नाही. हरवलाही असेल. आफ्रिकेत लढलेल्या डिव्हिजनांपैकी काही पुढे इटलीत गेल्या, तेव्हा गोष्ट खोटीच असं धरू नका.

सासऱ्यांना सांगा, वाळवंटात पाणी, पेट्रोल, दारूगोळा सगळं लॉरीवरून जायचं. उघड्या रस्त्यावर विमानं पहिल्यांदा लॉऱ्यांच्या रांगेवरच यायची. खंदकातल्या माणसाला निदान खंदक तरी होता.

आता पत्र बेळगावला नको, बेंगळुरूला आर्मी सर्व्हिस कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. नंबर जसाच्या तसा लिहा, नंबराआधी अक्षरं असतील तर तीही. नावाचं स्पेलिंग पदकावरचं, आपलं नव्हे. जिल्हा कुलाबा लिहा, रायगड हे नाव १९८१ सालचं. सोबत नातं दाखवणारा कागद आणि सासऱ्यांची सही. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा.

फोटोवेडा
आजेसासूबाईंना सरकारी मानधन मिळत होतं का? दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना राज्य सरकार द्यायचं. मिळत असेल तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांचा अर्ज असू शकतो आणि त्यात डिस्चार्जची तारीखही.

मावळा_खारघर
मी माझा प्रतिसाद मागे घेतो. आमच्या चुलत आजोबांनाही आम्ही मराठा इन्फंट्रीच म्हणतो. आज जाऊन ट्रंक उघडतो.

ऐरोलीकरीण
मानधनाचं आठवतंय, दर महिन्याला आजी दिरांबरोबर बँकेत जायच्या. सोमवारी सैनिक कार्यालयात जाऊन येते.

काकांचं लॉऱ्यांचं सासऱ्यांना वाचून दाखवलं. गप्प ऐकलं. मग म्हणाले, भिवंडी रोडला टायर फुटला की बाकीचे ड्रायव्हर शिव्या घालायचे, आमचे अण्णा खाली उतरून आधी आभाळाकडे बघायचे. आम्हाला वाटायचं पावसाचा अंदाज घेतायत.