मदत हवी आहे : पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर बाराव्या दिवशी गरबा जमेल का?

दांडियाबाजारकर : येत्या गुरुवारी पापण्यांची लोंबती कातडी काढायची शस्त्रक्रिया, इथेच बडोद्यात. त्यानंतर बाराव्या दिवशी नवरात्र. डॉक्टर म्हणतात, "बघू." पासचे पैसे भरायचे आहेत हो! गरबा जमेल का आणि तयारी काय करायची, एवढंच पटकन सांगा.

सुरसागर : वरच्या की खालच्या? वरच्या पापणीत छेद घडीत बसतो, टाके साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात. खालच्या पापणीची चरबी आतल्या बाजूने काढली तर बाहेर टाका नसतो. कातडीतून गेले तर पापणी खाली ओढली जाण्याची भीती. आणि बीपी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डोळ्यांचा कोरडेपणा?

दांडियाबाजारकर : वरच्या. बीपी गोळीने नीट आहे. दुपारी डोळे चुरचुरतात, पण ते स्क्रीनमुळे. गरब्याचं सांगा ना.

मांजलपूर_मी : कोरड्या डोळ्यांत एरंडेलाचा थेंब टाका, रात्रीतून फरक. आणि नंतर गरम शेक, सूज लगेच ओसरते.

सुरसागर : ताजा टाका आणि गरम शेक? रक्तवाहिन्या फुगून आतून रक्त सुटेल. पहिले ४८ तास गारच. स्वच्छ फडक्यात बर्फाचा चुरा, १०-१५ मिनिटं ठेवायचा, मग काढायचा. कातडी बधिर असते, बर्फ थेट लावला तर भाजल्यासारखं होतं आणि कळतही नाही. उशा उंच, पाठीवर झोप. एरंडेल तर नकोच, घरातलं तेल निर्जंतुक नसतं.
ताई, चुरचुर अंगावर काढू नका. कातडी काढल्यावर सुरुवातीला डोळा पुरता मिटत नाही; आधीच कोरडा असेल तर बुबुळावर ओरखडे येतात. डोळ्यांत पाणी किती येतं ते मोजणारी शिर्मर चाचणी झाली का? कागदी पट्टी ५ मिनिटं पापणीत ठेवतात, ५ मिमीसुद्धा भिजली नाही तर सर्जनने हात आखडता घ्यायला हवा.

रावपुरा_जुना : मेडिक्लेमचं काय? सौंदर्यासाठी असेल तर पैसे देत नाहीत. कातडी नजरेच्या आड येत असेल तर फील्ड टेस्टचा (नजर किती रुंद पोचते ते मोजतात) कागद आणि फोटो लावून आधी मंजुरी मागा.

दांडियाबाजारकर : मेडिक्लेम कुणी विचारला?

अलकापुरी_नेत्र : गरबा : नाही. वाकणं, उड्या, जड उचलणं साधारण दोन आठवडे बंद. निळेपणा १०-१४ दिवस दिसतो, तो मेकअपने झाकता येईल. पण मैदानातली धूळ आणि घाम ताज्या जखमेत जातो, तो कसा झाकणार? कॉन्टॅक्ट लेन्सही तोवर नको.
दुखल्यास पॅरासिटामॉल घ्या; डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको. माशाच्या तेलाच्या, ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल दोन आठवडे आधीच थांबवायच्या असतात. पहिल्या २४ तासांत एका डोळ्यात ठणका, डोळा दगडासारखा घट्ट किंवा पुढे आलेला, नजर धूसर : सकाळची वाट पाहायची नाही, थेट इमर्जन्सी. डोळ्यामागे रक्त साचून नजरेची नस दबते, तास-दोन तासांत नजर जाऊ शकते.
सुरसागरांच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. रक्त पातळ करणारी गोळी?

दांडियाबाजारकर : इकोस्प्रिन ७५, म्हणजे ॲस्पिरिन. हृदयात स्टेंट बसवल्यानंतर चालू आहे. लहान गोळी आहे, बुधवारी सोडते.

अलकापुरी_नेत्र : हे पहिल्या ओळीत हवं होतं! एकच दिवस आधी सोडून उपयोग नाही. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ७ ते १० दिवस जगतात, तोवर गोळीचा असर राहतो. आणि स्टेंट असताना आपल्या मनाने सोडली तर स्टेंटच बंद पडू शकतो. हृदयाच्या डॉक्टरांचा लेखी सल्ला सर्जनच्या हाती पडल्याशिवाय गुरुवार विसरा.

मांजलपूर_मी : लसणाच्या गोळ्या घ्या, इकोस्प्रिनची गरजच नाही.

सुरसागर : लसणानेही रक्त पातळ होतं. कृपा करून थांबा.

दांडियाबाजारकर : सर्जनना फोन केला. इकोस्प्रिनचं ऐकून तेही चिडले. आता दिवाळीनंतर बघू म्हणतात, आधी कार्डिओची चिठ्ठी.

रावपुरा_जुना : मग मंजुरीलाही वेळ मिळाला. फील्ड टेस्ट करताना पापणी टेपने वर चिकटवूनही एकदा करून घ्या, फरक दिसला तर कंपनी ऐकते.