संशोधन सल्लागार संस्थेसाठी अनुभवी डेटा सायंटिस्ट कसा निवडावा?

प्रश्न (संचालिका, पुणे)

आमची चौदा जणांची संस्था शासकीय विभाग आणि स्वयंसेवी संस्थांसाठी आरोग्य व रोजगार या विषयांवरील सर्वेक्षणे आणि मूल्यमापने करते. आजवर विश्लेषणाचे काम संख्याशास्त्राचे पदवीधर असलेल्या दोन सहकाऱ्यांनी स्टाटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये निभावून नेले. आता मात्र किमान आठ वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती नेमायचे ठरले आहे. अर्ज भरपूर आले, पण बहुतेक बँका आणि ई-कॉमर्समधून. एका उमेदवाराचे मशीन लर्निंगचे ज्ञान वाखाणण्याजोगे होते. परंतु ‘वेट’ कशासाठी वापरता, असे विचारताच त्यांनी न्यूरल नेटवर्कमधल्या वेटविषयी पाच मिनिटे सांगितले आणि सर्वेक्षणातला भारांक (नमुन्यातली एक व्यक्ती लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने मोजायची, तो आकडा) त्यांच्या गावीही नव्हता. अशा व्यक्तीला घेऊन शिकवावे की आणखी थांबावे?

उत्तर 1 (नमुनापाहणी, मुंबई)

मी त्यांना एवढ्यावरून बाद केले नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फायलीतला भारांक 10 लाखांनी भागून वापरायचा असतो, हे हुशार माणूस दोन दिवसांत शिकतो. आकडेवारीवर संशय घेण्याची सवय मात्र मुरायला वर्षे लागतात, आणि आपण पगार मोजणार आहात तो त्या सवयीसाठी.

आम्ही उमेदवारांना ठाणे जिल्ह्याचे बालकांच्या खुजेपणाचे (वयाच्या मानाने कमी उंचीचे) याच सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांमधले आकडे देतो आणि बदलाचे स्पष्टीकरण एका पानात लिहायला सांगतो. मेख अशी, की 2015-16 ची चौथी फेरी 2011 च्या जनगणनेतल्या 640 जिल्ह्यांवर आधारलेली आहे. पालघर वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी, त्यामुळे त्या फेरीतल्या ‘ठाण्यात’ जव्हार-मोखाड्याचा आदिवासी पट्टा आहे, आणि 2019-21 च्या पाचव्या फेरीतल्या ठाण्यात तो नाही. प्रत्यक्षात काहीही बदलले नसले, तरी ठाणे सुधारल्यासारखे दिसू शकते. एका उमेदवाराने यावर देखणे मॉडेल बसवून पोषण योजनेला श्रेय दिले. दुसरीने अर्ध्या तासात फोन करून विचारले, “पहिल्या तक्त्यात पालघर का नाही?” तिला आम्ही घेतले, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तिला तेव्हा जेमतेम येत होती.

उत्तर 2 (बँकेतून संशोधनाकडे)

वरील चाचणी उत्तम आहे, पण ती फुकट घेऊ नये. आठ वर्षे काम केलेल्या माणसाचा अर्धा दिवस मागायचा, तर त्याचे मानधन आधी सांगावे, आणि त्याच पत्रात पगाराचा आकडाही लिहावा. बँकेतला पगार आपण देऊ शकणार नाही, हे तिसऱ्या मुलाखतीत कळण्यात दोघांचाही वेळ वाया जातो.

मला खटकते ती आपली जाहिरात. पदाचे नाव डेटा सायंटिस्ट लिहिल्यावर अर्ज येणार ते मॉडेल बांधणाऱ्यांचेच. प्रत्यक्षात माझा पहिला महिना नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या जुन्या मजकूर-फायली उलगडण्यात गेला: ओळीत कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत वय आहे, कुठे व्यवसायाचा संकेतांक आहे, हे सोबतच्या तक्त्यावरून जुळवत बसायचे. दुसरा महिना जिल्हाधिकारी कार्यालयासाठी दोन पानी मराठी टिपण लिहिण्यात. हे काम मला आवडले, पण जाहिरातीत त्याचा मागमूस नव्हता. ‘सर्वेक्षण विश्लेषण प्रमुख’ असे पद लिहा. अर्ज निम्मे येतील आणि कामाचे येतील.

आणखी एक. मुलाखतीत जुने काम दाखवा म्हटल्यावर एखाद्याने मागच्या ग्राहकाची नावा-पत्त्यांसह मूळ फाईल लॅपटॉपवर उघडली, तर तिथेच नमस्कार करावा. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला, तरी उद्या हाच माणूस आपली फाईल दुसरीकडे उघडणार आहे.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. जाहिरात आज मागे घेतली आहे. नवे पदनाम, पगार आणि चाचणीचे मानधन घालून सोमवारी पुन्हा देऊ. वेटवाल्या उमेदवारांनाही चाचणीसाठी बोलावत आहे. ठाण्याचा प्रश्न मात्र आता इथे सगळ्यांनी वाचला असल्याने मी तेलंगणा घेईन. तिथे 2016 मध्ये 10 जिल्ह्यांचे 31 झाले होते.