मालकांना ६ मिमीचा मुतखडा निघालाय, थांबावं की ऑपरेशन करावं?

विडीघरकुलची सून

नमस्कार. आमचे मालक अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत, टॉवेलच्या कारखान्यात. वय ४२. सोमवारी पहाटे रातपाळीवरनं आले ते उजवी कूस धरूनच. पाठीतनं कळ निघते, जांघेपर्यंत उतरते, उलटी होते. सोनोग्राफीत उजव्या मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला ६ मिमीचा खडा आणि त्या बाजूच्या किडनीला थोडी सूज निघाली. लघवीत लाल पेशी भरपूर. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ०.९. डॉक्टरांनी दुखायची गोळी आणि टॅमसुलोसिन दिलंय, पंधरा दिवसांनी बोलावलंय.

सासूबाई पानफुटीचा रस देतात. शेजारचे म्हणतात बिअर पाजा. जाऊबाई म्हणतात दूध, टोमॅटो, शेंगाची चटणी सगळं बंद कर. आणि कळ थांबली की हे लगेच मागावर जाऊन उभे. थांबायचं का ऑपरेशन? ताटात काय वाढू?

चादरवाला

वहिनी, मला ५ चा होता, आपोआप पडला. कळ आली की तांब्यावर तांब्या पाणी पाजा, दाबानं सुटतो.

लॅबवाली काकू

बाळा, मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत लघवी-रक्त तपासण्यात उमर गेली माझी, म्हणून जे ठाम माहीत आहे तेवढंच लिहिते.

पहिल्यांदा हे वाच. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा उलट्यांनी गोळीही पोटात राहीना, तर पंधरा दिवसांची वाट बघायची नाही. त्याच रात्री दवाखाना गाठायचा. खड्यानं वाट अडवलेली आणि वर लघवीत जंतू वाढले, की ते विष रक्तात जायला वेळ लागत नाही. अशा वेळी डॉक्टर खडा नंतर बघतात, आधी नळी टाकून तुंबलेली लघवी मोकळी करतात. ताप उतरायची गोळी देऊन घरी झोपवलेली माणसं फार वाईट अवस्थेत आलेली बघितलीत मी. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव, सासूबाईंनाही.

आता तुझा प्रश्न. ५ मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपले आपण पडतात, १० च्या वरचे सहसा पडत नाहीत. ६ चा मधला, पण खालच्या टोकाला पोचलाय ही चांगली गोष्ट. टॅमसुलोसिननं तिथली नळी सैल पडते. ताप नाही, क्रिएटिनिन बरोबर आहे, कळ गोळीनं आवरते, तर डॉक्टर साधारण चार ते सहा आठवडे वाट बघतात. त्यापुढे अडकलेला ठेवला तर किडनीचं नुकसान होऊ शकतं. मग दुर्बिणीनं लघवीच्या वाटेनंच काढतात, पोट फाडावं लागत नाही.

टॅमसुलोसिनच्या गोळीनं चक्कर येऊ शकते. चालू मागापाशी चक्कर म्हणजे हात गेलाच समज. रातपाळी असताना ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना आजच फोन करून विचार.

चादरवाले दादा, तुमचा पडला याचा आनंद आहे, पण कळ चालू असताना भरमसाट पाणी पाजू नका. वाट अडलेली असताना मागून लोंढा आला की ताण वाढतो नि कळही वाढते. तेव्हा तहानेपुरतंच. बिअर तर नकोच, दारूनं अंगातलं पाणी उलट कमी होतं. पानफुटीनं खडा विरघळतो असं खात्रीनं सांगण्यासारखं काही नाही. सासूबाईंचं मन मोडू नकोस, पण डॉक्टरांना सांग आणि त्यांच्या गोळ्या चुकवू नकोस.

दुखायच्या गोळीचं मात्र मनावर घे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून, उपाशीपोटी, घामानं शरीर सुकलेलं असताना घेत राहिलं तर किडनीलाच मारक. मागावरच्या लोकांना पाठदुखीसाठी ही सवय असते. डॉक्टरांनी लिहिल्या तेवढ्याच.

ताटाचं सांगते. दूध-दही बंद करू नकोस. आपल्याकडचे बरेच खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून लोक कॅल्शियमलाच घाबरतात. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. शेंगदाण्यात, पालकात ऑक्झलेट बरंच. म्हणून शेंगाची चटणी चमचाभर आणि सोबत वाटीभर दही. कडक भाकरी, चटणी, दही हे आपलं जुनं जेवण यात बरोबर बसतं. टोमॅटोच्या बियांनी खडा होत नाही, खाऊ दे. कमी करायचं ते मीठ: लोणचं, पापड, फरसाण. मांस-मटणही बेतानं.

खडा पडल्यावरचं पाणी हा खरा जन्माचा उपाय. मागाच्या शेडमध्ये एप्रिल-मेला पारा चाळिशीच्या वर, घाम ढाळून लघवी पिवळीजर्द होते, आणि पाण्याऐवजी चहा. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. त्यासाठी उन्हाळ्यात त्यांना तीन-चार लिटर पाणी लागेल. लिंबू पिळून दिलंस तर उत्तम, फक्त मीठ घालू नकोस.

आणि लघवी गाळून करायला सांग, जुन्या चहाच्या गाळणीतून. खडा सापडला तर कोरड्या डबीत ठेव, तपासणीला देता येतो.

बाळीवेस

काकू, विषय जरा वेगळा. बायको दिवसभर बसून विड्या वळते, लघवीला जळजळ होते. दोन दिवस गोळ्या घेतल्या की थांबते, पुन्हा सुरू.

लॅबवाली काकू

दादा, दोन दिवसांत गोळ्या सोडल्या तर काही जंतू जिवंत राहू शकतात. परत परत होतंय तर लघवीचं कल्चर करा, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, तेही गोळी सुरू करायच्या आधी. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायची. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, पण कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. साखरही तपासा. आणि विड्यांची गड्डी पुरी व्हायची म्हणून लघवी दाबून धरायची नाही, एवढं त्यांना माझ्याकडून सांगा.

विडीघरकुलची सून

काकू, कालपासून कळच नाही. पण गाळणीत काही सापडलं नाही. पडला असेल का? आणि ऑपरेशन लागलंच तर खर्चाचं कसं?

लॅबवाली काकू

कळ थांबली म्हणजे खडा पडला असं धरू नकोस. अडकलेला खडा गप्पही बसतो आणि किडनी आतून सुजत राहते. ठरलेल्या तारखेला सोनोग्राफी परत करा, दुखत नसलं तरी. त्यात नीट दिसलं नाही तर डॉक्टर साधा सीटी स्कॅन सांगतील, त्यात मूत्रनलिकेतला खडा सहसा सुटत नाही.

खर्चासाठी आधी सिव्हिलला दाखवा. महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. आत स्टेंट (लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी) ठेवला तर तो काढायची तारीख कागदावर लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटवरच नवे खडे चढतात.