अनुभव: कृपा आणि जागृती, तुमच्या घरातली, तुमच्या मंडळीतली

सलाम सगळ्यांना.

परवा दौंड शटलने येत होते. केडगावला गाडी थांबली आणि पाऊस सुरू झाला. जूनचा शेवट, तोच आठवडा. पणजीची आठवण आली ती घरी पोचले तरी जाईना, म्हणून लिहायला बसले.

पणजी छप्पनियाच्या, म्हणजे 1899-1900 च्या दुष्काळातली. गुजरातेत आईबाप गेले आणि 1900 साली पंडिता रमाबाईंच्या माणसांनी तिला मुक्तीत, म्हणजे बाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणलं. वय कुणालाच माहीत नव्हतं, दात बघून पाच-सहा धरलं. म्हणजे 1905 ला ती दहा-अकराची. त्या जानेवारीत बाईंनी जागृतीसाठी, म्हणजे विश्वास नव्याने पेटावा म्हणून मुलींना रोज प्रार्थनेला बसवायला सुरुवात केली, जूनपर्यंत साडेपाचशे जणी बसू लागल्या होत्या. खेड्यांत सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश सांगायला कोण जाईल असं बाईंनी विचारलं तेव्हा तीस जणी पुढे आल्या. 29-30 जूनला पवित्र आत्मा उतरला आणि मुली रडून रडून पापं कबूल करू लागल्या. हे सगळं वाचायला मिळतं. पणजी सांगायची ते कुठे लिहिलेलं नाही.

शेजारच्या अंथरुणावरच्या मुलीने तिला रात्री हलवून उठवलं आणि हातात लाकडी फणी ठेवली. वर्षभरापूर्वी हरवलेली पणजीची फणी. "मी घेतली होती," एवढंच म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. पणजी म्हणायची, "दोन दात मोडले होते गं फणीचे. मी तिला समोर बसवलं नि तिच्याच केसांतनं फिरवली." दोघी मरेपर्यंत बहिणी-बहिणी राहिल्या.

आता घरोघरी दारू, भावाभावांत कोर्टकचेऱ्या. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये जागृती यावी म्हणून मी रोज प्रार्थना करते आणि डोळ्यांपुढे ती फणी असते. तुमच्याकडच्या आठवणी सांगा.

नगरची सून
ताई रडवलंत. कणीक मळताना वाचलं. आमचे सासरे. पगार झाला की सरळ गुत्त्यावर. संजीवन सभा (जागृतीच्या सभा) लागली होती, सासूबाईंनी जबरदस्तीने नेलं, मागच्या सतरंजीवर झोपले. तिसऱ्या रात्री उठून पुढे गेले. लोक म्हणाले चार दिवसांचं नाटक. पाचव्या दिवशी वाण्याकडे गेले, उधारीची वही काढायला लावली, दर महिन्याला थोडे थोडे करत दोन वर्षं फेडले. शेवटचा हप्ता दिला तेव्हा वाण्याने पानावर काट मारली आणि वर चहापत्तीचा पुडा दिला. ती चहापत्ती सासूबाईंनी ख्रिसमसपर्यंत फोडली नाही. गॅसवर तवा आहे, येते

रेल्वेवाला
केडगाव म्हणजे नगरजवळचं ना?

धागाकर्ती
नाही दादा, दौंड तालुक्यातलं. पुणे-दौंड लाइनवर. नगरचं केडगाव वेगळं.

रेल्वेवाला
हां हां. आमचा एक पाहुणा लग्नाला भलत्याच केडगावात उतरला होता, अक्षता पडल्यावर पोचला 😀

बेटावरचा
मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? आम्ही लहानपणी नारायण महाराजांच्या बेटाला दत्ताच्या दर्शनाला जायचो, तेही केडगावचंच. आत्या विधवा झाली तेव्हा सासरच्यांनी घरात घेतलं नाही. गावातल्या एका मुक्तीत वाढलेल्या बाईंनी तिला आठ महिने स्वतःकडे ठेवलं, शिवण शिकवलं. धर्माचा शब्द काढला नाही. आत्या शेवटपर्यंत गुरुवार करायची, आणि नाताळला त्या बाईंकडे करंज्या घेऊन जायची. कृपा हा शब्द मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला

धागाकर्ती
चालेल म्हणजे काय! तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मुक्तीत फसवल्या गेलेल्या बायांसाठी घर काढलं त्याचं नाव बाईंनी कृपा सदनच ठेवलं होतं.

वेल्सची मावशी
इकडे स्वान्सीजवळ राहते. 1904 ची वेल्सची जागृती इथूनच पेटली. तिचा पुढारी इव्हान रॉबर्ट्स सव्वीस वर्षांचा, आधी खाणीत काम केलेला. रमाबाईंच्या कानावर ती बातमी गेली होती. इथे अजून सांगतात की खाणकामगारांनी शिव्या सोडल्या तर कोळशाच्या गाड्या ओढणारी घोडी हलेनात, त्यांना शिव्यांचीच भाषा कळायची! आता कितीतरी चॅपलं बंद आहेत. आम्ही सात मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा उपासनेला जमतो, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हणतो, पेटी नसते, टाळ्यांवर. गेल्या महिन्यात शेजारची एकटी म्हातारी दारात येऊन उभी राहिली. एक शब्द कळत नाही तिला, पण आता दर वेळी येते

नगरची सून
मावशी थंडी किती आहे तिकडे? माझी भाची येणारे सप्टेंबरला शिकायला

वेल्सची मावशी
थंडीपेक्षा पाऊस. छत्री नको, टोपीवालं जाकीट घ्या. नंबर व्यक्तिगत निरोपात देते.

वसईची वांगी
आम्ही कॅथलिक, संजीवन वगैरे शब्द नाहीत आमच्यात. पण फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईचं आंदोलन उभं केलं तेव्हा मी शाळेत. टँकरवाले विहिरी उपसत होते, बिल्डरांचा धाक एवढा की संध्याकाळी लोक दारं लावून घ्यायचे. आई कधी बाजारापलीकडे गेली नव्हती, ती लाल लुगडं नेसून मोर्चाला निघाली. चपलेचा अंगठा तुटला तर सेफ्टी पिन लावून चालली. त्या आधी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) ती मागच्या बाकावर बसायची. नंतर पुढे.

एक सभासद
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आमच्या मंडळीत दोन गट आहेत, नाव घेत नाही. जागेवरून केस, अकरा वर्षं झाली. प्रभुभोजनाला लोक शेजारी बसत नाहीत. कुठली जागृती? वडील एका गटाचे पंच, समोरच्या गटाचे पुढारी किडनीने आजारी पडले. त्यांचा मुलगा परदेशात. वडील दर गुरुवारी त्यांना स्कूटरवर मागे बसवून डायलिसिसला न्यायचे. दोघं वाटेत बोलायचे नाहीत म्हणे. एका गुरुवारी त्या काकांनी उतरताना वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला तो फाटकापर्यंत काढला नाही. काका गेले. केस अजून चालू आहे.

धागाकर्ती
दादा, तुमच्या वडिलांना माझा सलाम सांगा. केस मिटावी म्हणून मंगळवारच्या बायकांच्या प्रार्थनेत विषय मांडते, गावाचं नाव न घेता.

एक सभासद
सांगतो. मांडा

नगरची सून
पोळ्या झाल्या 🙂 ताई, पणजी अजून काय करायच्या?

धागाकर्ती
दळायला बसली की आधी एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची. महिन्याने गाडगं भरलं की गावात ज्याच्या घरी चूल नाही तिकडे. दुष्काळ बघितलेली बाई, पण ती मूठ कधी चुकली नाही.

नगरची सून
ज्वारीची का बाजरीची?

धागाकर्ती
त्या दिवशी जे दळण असेल ते.